ऑर्गन हलवा, पण अख्खा हलवा: मंडळीच्या विश्वस्तांना खुले पत्र

प्रति,
माननीय विश्वस्त, पाळकसाहेब आणि पास्टरेट कमिटीचे सर्व सभासद यांस,

प्रभूच्या नावाने आपणां सर्वांस सप्रेम सलाम.

गेल्या महिन्यात उपासनेनंतर वाचून दाखवलेला ठराव मी मागच्या बाकावरून ऐकला आणि नंतर फळ्यावर लावलेली त्याची प्रत दोनदा वाचली. आपल्या जुन्या ख्रिस्तमंदिराचे छप्पर उतरवून दुरुस्त करायचे असल्याने आतला पाइप ऑर्गन तिथून काढावा, त्याच्या दर्शनी नळ्या नव्या सभागृहात व्यासपीठामागे शोभेसाठी लावाव्यात, उरलेल्या भागाची ‘योग्य ती विल्हेवाट’ लावावी आणि उपासनेसाठी एक चांगला इलेक्ट्रॉनिक कीबोर्ड घ्यावा, असा त्याचा आशय आहे. ठराव वाचून झाल्यावर कोणी काही बोलले नाही. मीही बोललो नाही, कारण नेमके काय म्हणायचे ते मला त्या घडीला सुचले नाही. ते आता लिहून काढतो आहे. हा प्रश्न आपल्या एका मंडळीपुरता नाही, नाशिककरांनीही तो ऐकावा असे वाटते, म्हणून पत्र खुले ठेवले आहे. मंदिराचे नाव मात्र मुद्दाम घेतलेले नाही. शिसे, कथील आणि पितळ यांचे भाव ज्यांना तोंडपाठ असतात अशी माणसेही पत्रे वाचतात, आणि आपल्या मागच्या दाराची कडी कशी आहे हे आपणांस ठाऊकच आहे.

दोन वर्षांपूर्वी कोणी विचारले असते तर ऑर्गन जागेवरून तसूभरही हलवू नये, असेच मी सांगितले असते. मागच्या पावसाळ्यात चौकीदाराबरोबर विजेरी घेऊन मी त्याच्या मागच्या बाजूला शिरलो तेव्हा माझे मत बदलले. छपरातून ठिबकणारे पाणी वरच्या नळ्यांवरून ओघळत खालच्या लाकडी पेटीवर साचत होते. पाणी अडवावे म्हणून आपणच टाकलेल्या ताडपत्रीखाली हवा कोंडून लाकडाला बुरशी आली होती, आणि मागच्या खांबावर वाळवीने आपला रस्ता बांधायला सुरुवात केली होती. अशा छपराखाली ऑर्गन ठेवणे म्हणजे त्याला जपणे नव्हे, त्यामुळे तो हलवण्याला माझा विरोध नाही. माझा विरोध आहे तो त्याचे दोन वाटे करण्याला.

हे समजण्यासाठी मुळात ही वस्तू काय आहे ते थोडे सविस्तर सांगावे लागेल. मराठी माणसाला ऑर्गन हा शब्द नवा नाही. बालगंधर्वांच्या काळापासून संगीत नाटकांत तो ऐकू येत आला आहे. पण नाटकमंडळ्यांबरोबर गावोगाव फिरलेला तो पायाने भाता मारून वाजवायचा ऑर्गन हा आपल्या पेटीचाच मोठा भाऊ होता. त्यात नळ्या नसत, पितळेचे सूर, म्हणजे हवेने थरारणाऱ्या पातळ जिभल्या, असत. आपल्या मंदिरातल्या वाद्यात बोलणारी वस्तू नळी आहे. उभ्या नळीच्या खालच्या अंगाला ओठांसारखी एक फट असते, तिच्या धारेवर हवा आपटली की नळीतल्या हवेचा खांब थरारतो आणि स्वर निघतो. म्हणजे बासरीच, फक्त तिला भोके नाहीत. एक नळी जन्मभर एकच स्वर बोलते. म्हणून जितके स्वर तितक्या नळ्या हव्यात, आणि पेटीच्या स्टॉपप्रमाणे इथेही नादाच्या प्रत्येक जातीसाठी नळ्यांची वेगळी रांग हवी. ५६ पट्ट्यांच्या वाद्याला सहा स्टॉप असले तरी नळ्यांची संख्या तीनशेच्या वर जाते. आपल्याकडे सहाच स्टॉप आहेत. त्यातले पाच बासरीच्या कुळातले आणि एक पिपाणीच्या कुळातला, म्हणजे आत पितळी जिभली असलेला. सगळ्यांत मोठी नळी आठ फुटी आहे आणि सगळ्यांत लहानीचा बोलणारा भाग पेन्सिलीच्या तुकड्याएवढा आहे.

यांपैकी बाहेरून दिसतात त्या समोरच्या मूठभर नळ्या. ठरावात जपायच्या म्हटल्या आहेत त्या याच. बाकीच्या शेकडो नळ्या त्यांच्या मागे अंधारात उभ्या आहेत, आणि त्या सगळ्यांच्या खाली, मुद्दाम वाकून पाहिल्याशिवाय कोणाच्या नजरेस पडू नये अशा जागी, या वाद्याचा खरा जीव आहे. भात्यातली हवा एका बंद लाकडी पेटीत साठते. तिला वायुपेटी म्हणू. पट्टी दाबली की लाकडाच्या बोटभर रुंदीच्या काड्या आणि लहान तरफा यांच्या साखळीतून ओढ पोहोचते, पेटीतले चामडे लावलेले एक झाकण उघडते आणि हवा वर चढते. स्टॉपची मूठ ओढली की भोके पाडलेली एक लांब फळी सरकते आणि कोणत्या रांगेला हवा मिळायची ते ठरते. पट्टीपासून नळीपर्यंतच्या या साखळीत वीज कुठेही नाही. वाजवणाऱ्याच्या बोटाखाली ते झाकण उघडल्याचा अगदी हलका धक्का जाणवतो; मी लहानपणी, कोणी पाहत नसताना, एकदा तो अनुभवला आहे. ही पेटी, या काड्या आणि हा भाता भंगारात घालून दर्शनी नळ्या भिंतीवर लावणे म्हणजे देवघरातली घंटा काढून तिची फक्त साखळी टांगून ठेवण्यासारखे होईल.

माझे आजोबा या ऑर्गनचा भाता मारत असत. विजेचा पंखा येण्यापूर्वी हे काम बाजूच्या लाकडी दांड्याने करावे लागे आणि त्यासाठी उंची नव्हे, तर लय लागे. भाता किती भरला आहे हे दाखवणारे शिशाचे एक लहान वजन दोरीला बांधून बाहेर सोडलेले असे. ते खुणेच्या वर गेले की गाणे मध्येच कोमेजे, हे आजोबांना एकदा भर नाताळात अनुभवावे लागले होते आणि त्याची आठवण घरातल्यांनी त्यांना मरेपर्यंत करून दिली. पण त्यांनीच मला सांगितलेली दुसरी गोष्ट इथे जास्त कामाची आहे. नाताळात ऑर्गन आणि पेटी एकत्र वाजत, आणि ईस्टर उशिरा, एप्रिलच्या मध्यावर आला की वाजत नसत. पुढे शाळेत पदार्थविज्ञान शिकवू लागल्यावर मला याचे कारण उमगले. हवा एका अंशाने तापली की ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ०.६ मीटरने वाढतो. नळीची लांबी तीच राहते, म्हणून स्वर चढतो. पेटीचा सूर धातूचा असल्याने तो फारसा हलत नाही. नाशिकची थंडीतली पहाट १० अंशांची आणि उन्हाळ्यातली दुपार ४० अंशांची धरली तर नळीचा स्वर जवळजवळ अर्ध्या स्वराने चढलेला असतो, म्हणजे पांढरी एक थेट काळी एकच्या उंबरठ्यावर जाऊन बसते. दगडी भिंतींच्या आत फरक यापेक्षा कमी पडतो, पण कान दुखावण्यापुरता पडतोच. त्याच कारणाने ऑर्गनमधला पिपाणीचा स्टॉपही उन्हाळ्यात आपल्याच भावंडांशी फटकून वागतो. हा बिघाड नाही, दुरुस्तीवाल्याने असा ‘बिघाड’ काढून देण्याचे आश्वासन दिले तर त्याला नम्रपणे परत पाठवावे.

आता नव्या सभागृहाविषयी. ते सोयीचे आहे, तिथे पंखे आहेत, व्हीलचेअरसाठी उतार आहे, आणि माझ्या वयाच्या माणसाने त्याला नावे ठेवणे कृतघ्नपणाचे ठरेल. परंतु ऑर्गनला ते चालणार नाही. आठ फुटी नळी तिच्या पायासह वायुपेटीवर उभी राहते आणि वायुपेटी जमिनीपासून तीनेक फूट उंच असते, तेव्हा बारा फुटांहून अधिक मोकळी उंची लागते. सभागृहाचे पीओपीचे छत दहा फुटांवर आहे. हे लक्षात आल्यावर एका बैठकीत ‘मग मोठ्या नळ्या फूटभर कापू’ अशी सूचना आली, असे मला सांगण्यात आले. सूचना करणाऱ्याचा हेतू मदतीचाच असणार, यात शंका नाही. पण आठ फुटी नळी फूटभर कापली तर तिच्यातून सा ऐवजी जवळजवळ शुद्ध रे निघेल, आणि कापलेला तुकडा पुन्हा जोडून पहिला नाद येणार नाही.

उंचीचा प्रश्न सुटला तरी खोलीचा प्रश्न उरतोच. ऑर्गन बनवणारे कारागीर वाद्य जागेवर उभे केल्यानंतर त्या खोलीत बसून एकेक नळीचा ओठ कमीअधिक उघडत, तिच्या धारेला बारीक खाचा देत तिचा आवाज जमवतात. आपल्या ऑर्गनचा आवाज दगडी भिंती, उंच लाकडी छत आणि शहाबादी फरशी यांच्याशी जमवलेला आहे. गालिचा, पडदे आणि जिप्समच्या फळ्या त्याचा आवाज पिऊन टाकतील. मग कोणीतरी म्हणेल की आवाज कमी पडतो, मोठा पंखा बसवा. अशा वाद्यांत हवेचा दाब फार कमी असतो, पाण्याच्या स्तंभात मोजला तर साधारण तीन इंच. गवंडी पातळी पाहायला वापरतो तशा पारदर्शक नळीत पाणी भरूनही तो मोजता येतो. तो वाढवला की बासरीत जोराने फुंकल्यावर होते तेच होते, नळी आपला स्वर सोडून वरच्या सप्तकात किंचाळते.

म्हणून माझी सूचना अशी की ऑर्गन आपल्याच ताब्यातल्या जुन्या शाळेच्या दगडी सभागृहात न्यावा. त्याची उंची पुरेशी आहे, छप्पर शाबूत आहे, भिंती जुन्या मंदिराइतक्याच जाड आहेत, आणि तिथे आज मोडक्या बाकांखेरीज काहीही ठेवलेले नाही. मंदिराचे छप्पर नीट झाल्यावर तो परत न्यायचा की तिथेच राहू द्यायचा, हे तेव्हाची मंडळी ठरवील. पण जाईल तो अख्खा जाईल, आणि पोहोचल्यावर वाजेल, एवढे आज ठरायला हवे.

आता धातूविषयी थोडे, कारण नुकसान बहुतेक वेळा चांगल्या हेतूने आणि चुकीच्या हातांनी होते. या नळ्या कथील आणि शिसे यांच्या मिश्रणाच्या पत्र्यापासून वळलेल्या असतात. शिसे ३२७ अंशांना वितळते, कथील २३२ अंशांना, आणि दोघांचे मिश्रण त्याहूनही आधी मऊ पडू लागते. आपल्या तांबट आळीतल्या कारागिरांविषयी मला नितांत आदर आहे, पण तांब्या-पितळेवर चालणारी भट्टी या पत्र्याला दाखवली तर डाग बसण्याऐवजी नळीच खाली गळेल. हा पत्रा इतका मऊ असतो की मोठी नळी आडवी टाकून तिच्यावर दुसरी ठेवली तरी ती चेपते. आणि वर्षापूर्वी कोण्या सद्गृहस्थाने दर्शनी नळ्यांना रुपेरी ऑइलपेंट फासून जी सेवा केली, तिचे थर ओठांच्या फटीत जाऊन बसले आहेत. त्यांतल्या दोन नळ्या तेव्हापासून मुक्या आहेत. भात्याचेही तसेच. जुने चामडे सरसाने चिकटवलेले आहे. सरस गरम पाण्याने सुटतो, म्हणून शंभर वर्षांनंतरचा कारागीरही तो सांधा इजा न करता उघडू शकतो. बाजारातला पांढरा डिंक तसा सुटत नाही, लाकूड घेऊनच निघतो. पेटी दुरुस्त करणाऱ्या कोणाही जाणत्याला विचारा, तो हेच सांगेल.

मंडळीतल्या काही तरुण मित्रांचे म्हणणे मी ऐकले आहे, आणि ते टाळून पुढे जाणे योग्य होणार नाही. हे साहेबांचे वाद्य. साहेब गेले, आता आम्ही आमची भजने पेटी-तबल्यावर म्हणतो, तर या लोढण्यावर खर्च का करावा, असा त्यांचा प्रश्न आहे. प्रश्न रास्त आहे. नाशकात शिकलेल्या आणि जवळच्याच जलालपूरच्या लक्ष्मीबाईंशी संसार केलेल्या नारायण वामन टिळकांनीच मराठी ख्रिस्ती उपासनेला अभंगाची आणि भजनाची वाट दाखवली, आणि ती वाट सोडून पुन्हा परदेशी चालींवर बेतलेल्या गीतांकडे वळा, असे मी मुळीच म्हणत नाही. परंतु जी पेटी आज आपल्याला इतकी घरची वाटते, ती तरी कुठली? हार्मोनियमचे पेटंट १८४० साली पॅरिसमध्ये अलेक्झांद्र दबँ यांनी घेतले. आकाशवाणीने १९४० पासून सुमारे तीन दशके तिला परकी ठरवून दाराबाहेर ठेवले, तरी वारकऱ्याने आणि कीर्तनकाराने तिला सोडले नाही. वाद्य कुठून आले यापेक्षा त्यावर आपण काय वाजवले, हे मला महत्त्वाचे वाटते. आजोबा सांगत की उत्तम वाजवणारा मिळाला की टिळकांची भजने या ऑर्गनच्या सर्वांत मऊ स्टॉपवर, तबल्याशिवाय, फार शांत लागत. आपल्यापैकी कोणी ती तशी ऐकलेली नाहीत, मीही नाही. ऐकून न पाहता टाकून द्यावी अशी ही गोष्ट नाही.

शिवाय नाशिकच्या ख्रिस्ती इतिहासाच्या हाताला लागतील अशा वस्तू मुळात थोड्या उरल्या आहेत. चर्च मिशनरी सोसायटीने वसवलेल्या शरणपुरात गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेल्या आफ्रिकी मुलांना आसरा मिळाला, तिथे ती सुतारकाम आणि लोहारकाम शिकली. त्यांच्यातलाच जेकब वेनराइट हा मिशनरी आणि प्रवासी डॉ. लिव्हिंग्स्टन यांच्या पार्थिवासोबत आफ्रिकेतून इंग्लंडला गेला आणि १८७४ साली वेस्टमिन्स्टर ॲबीतल्या दफनाच्या वेळी शवपेटीला हात लावणाऱ्यांत होता. ही हकीकत आपल्या शहरातल्या किती मुलांना ठाऊक आहे? शरणपूर हे नाव आज रस्त्याच्या पाटीवर उरले आहे. एखाद्या वस्तूकडे बोट दाखवता आले की गोष्ट सांगणे सोपे जाते, म्हणून ऑर्गनसारखी वस्तू जपावी असे वाटते.

लाकडी कपाटाला द्राक्षबागांच्या पट्ट्यातल्या एका हॉटेलमालकाकडून मागणी आली आहे, अशी कुजबुज कानावर आली. कपाटाचे ते काय करतील, बाटल्या ठेवतील की पुस्तके, हे मला माहीत नाही. बाहेरदेशीच्या ग्राहकाचेही नाव निघाले होते. याबाबत दोन गोष्टी नोंदवून ठेवतो. १९७२ च्या पुरावस्तू व कलाकृतीविषयक केंद्रीय कायद्यानुसार गतकाळातील कारागिरी, विज्ञान किंवा धर्म यांची साक्ष देणारी किमान शंभर वर्षांची वस्तू पुरावस्तू ठरू शकते, आणि पुरावस्तू खासगी व्यक्तीला परस्पर देशाबाहेर नेता येत नाही. ऑर्गनवरच्या पितळी पाटीवरून त्याने शंभरी केव्हाच ओलांडली आहे. दुसरे असे की महाराष्ट्राच्या १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्यातील कलम ३६ नुसार धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते ती स्थावर मालमत्ता विकताना. ऑर्गन जंगम मानला गेला तर ती अट आड येणार नाही आणि साध्या ठरावाने तो विकता येईल. कायदा जिथे थांबत नाही तिथे विश्वस्तांनी स्वतः थांबावे, एवढीच विनंती मी करू शकतो.

हे सगळे आपल्यासारख्या लहान मंडळीला झेपेल का, या शंकेला उत्तर म्हणून फिलिपिन्समधल्या लास पिन्यास गावाची गोष्ट सांगतो. तिथल्या चर्चसाठी दिएगो सेरा या धर्मगुरूंनी १८१६ ते १८२४ या काळात एक ऑर्गन बांधला. त्याच्या १,०३१ नळ्यांपैकी ९०२ बांबूच्या आहेत. भूकंप, वादळे आणि छपराची पडझड सोसून तो जवळजवळ मुका झाला होता. १९७३ साली तो उतरवून जर्मनीतल्या बॉन शहरी क्लाइस यांच्या कार्यशाळेत नेला गेला, दुरुस्त झाला आणि १९७५ साली परत आला. तो दूर असताना गावाने चर्चची इमारत दुरुस्त करून घेतली. आपल्यासमोर आज तोच प्रसंग आहे: छप्पर उघडे आणि वाद्य बाहेर. पुढच्याच वर्षी, १९७६ पासून, तिथे ऑर्गनचा वार्षिक महोत्सव सुरू झाला आणि कालांतराने त्याच गावात ऑर्गन बांधणारी कार्यशाळाही उभी राहिली. आपला ऑर्गन त्याच्या तिसऱ्या हिश्श्याएवढा आहे आणि त्याला बॉनला नव्हे, अडीच किलोमीटरवरच्या शाळेत जायचे आहे. जर्मनीतली ऑर्गन बांधण्याची कला आणि त्याचे संगीत २०१७ साली युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत गेले. आपल्या देशातही कोलकात्याच्या सेंट पॉल्स कॅथीड्रलमध्ये आणि शिमल्याच्या क्राइस्ट चर्चमध्ये पाइप ऑर्गन आहेत. ही वाद्ये हाताळलेल्या जाणकाराशी पत्रव्यवहार करणे आजच्या काळात अवघड नाही, आणि तो करण्याची जबाबदारी मी घेतो.

उतरवण्याचे काम मात्र त्या जाणकाराच्या देखरेखीखालीच व्हावे, आणि पावसाळा संपून हवा कोरडी झाल्यावर व्हावे. भर पावसात लाकूड फुगलेले असते. तेव्हा सरकत्या फळ्या ओढल्या तर त्या चिरतील. दिवाळीनंतर ते फेब्रुवारीपर्यंतचा काळ उत्तम. सिंहस्थाच्या गर्दीत टेम्पो आणि मजूर दोन्ही मिळणे कठीण होईल, हेही ध्यानात घ्यावे. हात लावण्याआधी प्रत्येक बाजूने छायाचित्रे घ्यावीत, मापे काढावीत आणि जो जो स्वर अजून निघतो तो तो ध्वनिमुद्रित करावा, फुटलेला असला तरी. मग नळ्या एकेक उचलायच्या, सुती हातमोजे घालून, कारण हाताच्या उबेनेही स्वर हलतो आणि घामाचा डाग धातूला धरतो. प्रत्येक नळीवर जुन्या कारागिराने स्वराचे अक्षर कोरलेले असते; ते नोंदवून वर आपली चिठ्ठी दोऱ्याने बांधायची, चिकटवायची नाही. जुन्या नाशकातल्या वाड्यांचे कडीपाट खुणा घालून उतरवणारे आणि दुसरीकडे जसेच्या तसे उभे करणारे सुतार अजून आहेत, त्यांना ही शिस्त नव्याने शिकवावी लागणार नाही. भरणीसाठी तर दूर जायलाच नको. साता समुद्रापार जाणारा द्राक्षाचा घड एक मणी न गळता पोहोचवणारा आपला जिल्हा आहे. त्याच पॅकहाऊसमधले पुठ्ठे, कागद आणि फोमच्या जाळ्या नळ्यांना चालतील, फक्त प्रत्येक नळीला स्वतःचा कप्पा हवा आणि मोठ्या नळ्यांना लांब लाकडी खोकी हवीत.

भाता उघडताना आतले कागद फाडू नयेत, ही एक खास विनंती. सांधे बंद करायला जुने कारागीर आतून छापील कागद चिकटवत, आणि वायुपेटीच्या फळीवर पेन्सिलीने नाव किंवा तारीख लिहून ठेवत. पाटीवर जे नाही ते तिथे सापडू शकते. भंगारवाल्याच्या हातोड्याखाली पहिल्यांदा जाईल ते हेच.

पैशांबद्दल मी आकडा देत नाही, कारण वाद्य उघडल्याशिवाय दिलेला कोणताही आकडा खोटा असेल. पण उतरवणे, मोजणे, भरणे आणि कोरड्या जागी ठेवणे एवढेच पहिल्या वर्षी केले तरी पुरे आहे. दुरुस्ती दोन वर्षांनी झाली तरी चालेल, दहा वर्षांनी झाली तरी वाद्य तग धरील. नळ्या एकमेकींत मिसळल्या आणि काड्या सरपणात गेल्या, तर त्यानंतर कितीही पैसे आले तरी उपयोग होणार नाही. कीबोर्ड अवश्य घ्यावा. तो ऑर्गनचा वैरी नाही, आणि पुढची काही वर्षे उपासना त्यावरच चालणार आहे.

वाजवणार कोण, हा प्रश्न पाळकसाहेबांनी मला एकदा विचारला होता आणि मी तेव्हा निरुत्तर झालो होतो. बंद ठेवलेल्या ऑर्गनचे चामडे ताठरते, नळ्यांत कोळी आणि गांधीलमाश्या घर करतात. आठवड्यातून एकदा तरी तो वाजला पाहिजे. गायकवृंदात आज कीबोर्ड वाजवणाऱ्या दोन मुली आहेत, त्यांचे हात तयार आहेत. पायपेटी वाजवलेले एक आजोबा शेजारच्या वसाहतीत राहतात. ऑर्गन उतरवतानाच या तिघांना जवळ बसवावे, म्हणजे कोणती काडी कोणत्या पट्टीला जाते हे त्यांना पुढे कोणाकडून ऐकावे लागणार नाही. शाळेच्या सभागृहात तो उभा राहिला तर पदार्थविज्ञानाच्या तासाला मुलांना नेऊन हवेचा खांब म्हणजे काय ते दाखवता येईल. चौतीस वर्षे मी ते फळ्यावर खडूने काढून दाखवले.

आपण पुढच्या बैठकीत ठरावातले ‘योग्य ती विल्हेवाट’ हे शब्द काढून तिथे ‘संपूर्ण वाद्य एकत्र उतरवून शाळेच्या सभागृहात सुरक्षित ठेवावे’ असे लिहावे, आणि तोवर कोणालाही आतल्या कोणत्याही भागाला हात लावू देऊ नये, ही माझी विनंती आहे. मधल्या काळात ताडपत्री पूर्ण झाकून न टाकता खालून वीतभर मोकळी ठेवावी, म्हणजे वारा लागेल. वाळवीसाठी औषध मारणाऱ्याला फक्त भिंतीच्या कडेने मारायला सांगावे. नळ्यांवर आणि चामड्यावर त्याचा फवारा उडता कामा नये. छायाचित्रे, मापे आणि चिठ्ठ्या यांचे काम मी आणि माझे दोन जुने विद्यार्थी विनामोबदला करू. त्यासाठी मंदिराची किल्ली दोन शनिवार, सकाळी दहा ते संध्याकाळी पाच, चौकीदाराकडे ठेवलेली असावी आणि कमिटीतले कोणी एक जण आमच्यासोबत बसावे, म्हणजे काय उघडले आणि काय परत मिटले याची नोंद दोघांच्या सहीने राहील. वही मी आणीन.

आपला नम्र,
मंडळीचा एक जुना सभासद व निवृत्त शिक्षक,
नाशिक